मधल्या किमतीतला व्हॉल्व्ह

“नाही हो, व्हॉल्व्हचा नको. दहा वर्षांनी तो पुन्हा बदलत बसायचा, कोण करणार ते सगळं? आणि फार भारी तर नकोच. मधल्या किमतीतला बघा काहीतरी.”

पलीकडून बोधनकर काहीतरी म्हणाले. मी म्हणालो, “अहो, वापर असा कितीसा आहे? आणि आपलं ते जुनं खोड. त्याच्यावर किती खर्च करायचा याला काही सुमार? टाकवत नाही म्हणून ठेवलंय, एवढंच.”

मी फोनवर बोलतो ते खालच्या वॉचमनला ऐकू जातं, अशी माझ्या बायकोची, शर्मिलाची, कायमची तक्रार आहे. माझ्या मागे बाल्कनीत माझी थोरली बहीण आक्का गवारी निवडत बसली होती. शेंगा मोडल्याचा आवाज थांबला होता, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. मी आपला बोधनकरांशी हुज्जत घालण्यात दंग.

हुज्जत अँप्लिफायरची होती. मला हेडफोन लावून गाणं ऐकायचा नाद आहे. घरात मोठ्यानं लावलं की शर्मिलाचं डोकं उठतं, म्हणून हेडफोन. आणि चांगला हेडफोन नुसत्या प्लेअरला लावला तर त्याला जोर पुरत नाही, म्हणून मधे एक छोटी पेटी लागते, ती अँप्लिफायर. ती दोन प्रकारची मिळते. एकात जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह असतात. चालू केली की तापतात, मंद पेटतात, आवाज गोड देतात, आणि काही वर्षांनी त्यांचा जीव जातो. दुसरी ट्रान्झिस्टरची, सॉलिड स्टेट म्हणतात ती. ती आवाज आहे तसा देते, आणि तिला काही होत नाही. दोन्हींचे भक्त एकमेकांच्या उरावर बसायला तयार असतात. मी सहा महिने त्यांची भांडणं वाचत होतो आणि रोज पक्ष बदलत होतो. नारायण पेठेत दुकान असलेले बोधनकर मला कंटाळले होते. ‘जुनं खोड’ म्हणजे माझा हेडफोन. त्याच्या कानाच्या गाद्या फाटलेल्या होत्या आणि मी त्या दोऱ्यानं शिवल्या होत्या, म्हणून बोधनकरांनीच त्याला ते नाव ठेवलं होतं.

आता आक्काला यातलं काय ठाऊक असणार? तिच्या दृष्टीनं त्या घरात एकच व्हॉल्व्ह होता, तो तिच्या छातीतला.

आक्का हुपरीहून आमच्याकडे पुण्याला आली होती ती तपासण्यांसाठी. लहानपणी तिला सांधेताप आला होता. त्यानं हृदयातली एक झडप खराब केली, ती एवढी वर्षं तशीच चालली आणि आता बंद पडायला आली होती. चार पायऱ्या चढल्या की ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणाले, व्हॉल्व्ह बदलावा लागेल, आणि उशीर केलात तर बदलून उपयोग होणार नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही जाऊन कुठला बसवायचा ते सांगायचं होतं.

डॉक्टरांनी मला आणि शर्मिलाला दोन्ही प्रकार नीट समजावले होते. एक धातूचा. तो जन्मभर टिकतो, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची, सारखं रक्त तपासायचं, आणि खाण्यापिण्यात एका दिवसाचाही खाडा नाही. दुसरा जनावराच्या पेशींचा. तो दहा-बारा वर्षं जातो, पण सुरुवातीचे काही महिने सोडले तर ती गोळी नाही. आक्काचं वय सहासष्ट, राहणं गावी, एकटी. शिवाय उपास करते हे ऐकल्यावर तर डॉक्टर स्पष्टच म्हणाले, “मी पेशींचा सुचवीन. त्यांना समजावून सांगा, मग बोलू.”

समजावून सांगा! आक्काला! आम्ही जैन. मी आपला नावाचा, कांदा-बटाटा सर्रास खाणारा. आक्का मात्र पाणी कपड्यानं गाळून पिते, दिवस मावळला की अन्नाला शिवत नाही, तांदळात किडा निघाला तर तो कागदावर घेऊन कुंडीत नेऊन सोडते. आणि भाद्रपदात पर्वाचे दहाच्या दहा दिवस नुसत्या पाण्यावर. लग्नाच्या आधीपासून एकही वर्ष चुकलेलं नाही. हुपरीत तिला नावानं कुणी ओळखत नाही, ‘दहा उपासवाली आक्का’ म्हणतात. तिला जाऊन सांगायचं की तुझ्या काळजात गाईचं कातडं शिवणार आहेत?

शर्मिला म्हणाली होती, “सांगायचंच नाही. व्हॉल्व्ह बसवायचा, एवढंच सांगू. कशाचा हे त्या कशाला विचारतायत? माणूस वाचायला हवं आधी.” मला ते पटलं नव्हतं आणि खोडूनही काढता आलं नव्हतं. मी गप्प बसलो होतो. शर्मिलानं तो होकार धरला.

तर, फोन ठेवून मी वळलो. गवारी तशीच पसरलेली आणि आक्का गायब. आतल्या खोलीत बघतो तर तिनं पलंगावर पिशवी उघडून तिच्यात लुगडी कोंबायला घेतलेली.

“आक्का, काय करालीस हे?”

“निघालो मी.”

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. फलटणच्या शर्मिलाला अजून त्याची सवय झालेली नाही.

“निघालो म्हणजे? कुठं?”

“हुपरीला. स्वारगेटवरनं गाडी मिळतीया मला. तू सोडायला यायचं काम न्हाई.”

“अगं, पण उद्या डॉक्टरकडं जायचंय!”

“कशाला? मधल्या किमतीतला बसवून घ्यायला?” तिनं हातातलं लुगडं दाणकन पिशवीत आपटलं. “मी तुझ्याकडं मागितला हुता व्हय व्हॉल्व्ह? मी म्हटलं हुतं, मला बसवा म्हणून? तूच आलास मला न्यायला, हातापाया पडलास. आणि आता दुकानदाराशी घासाघीस करालायस? जुनं खोड, वापर न्हाई, टाकवत न्हाई म्हणून ठेवलंय!”

मला एका क्षणात सगळं कळलं आणि माझं जे झालं ते झालं. मी हसायला लागलो. म्हणजे साधं नाही, पलंगावर बसून पोट धरून. मला माहीत आहे, त्या वेळी हसायला नको होतं. पण आवरेचना. ‘मधल्या किमतीतला व्हॉल्व्ह’ हे शब्द डोक्यात आले की पुन्हा उकळी यायची.

आक्काचे डोळे भरून आले. “हस. हस लेका. कडेवर घेऊन हिंडवलं तुला, त्याचं हे फळ दिलंस.”

“आक्का, अगं तो व्हॉल्व्ह तुझा न्हाई. माझा.”

“तुला काय झालंय?” ती एकदम घाबरली. राग कुठल्या कुठे. हात माझ्या छातीवर ठेवला. “तुझा बी गेला व्हय? कधीपासनं?”

आता मात्र माझं हसू थांबलं. मी तिला सांगायला लागलो की हेडफोनचा अँप्लिफायर म्हणून एक पेटी असते, तिच्यात व्हॉल्व्ह असतात. एवढ्यात शर्मिला भाजी घेऊन आली. आक्काचे डोळे ओले, पिशवी भरलेली, मी पलंगावर. तिचा चेहरा उतरला.

“सांगितलंत तुम्ही त्यांना?” ती मला म्हणाली.

मी डोळ्यांनी खूण करायला गेलो, पण उशीर झाला होता.

“काय सांगायचं हुतं?” आक्का म्हणाली.

“काही नाही हो आक्का. मी आपलं... गॅस संपत आलाय, ते.”

आक्कानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पिशवीचा बंद आवळून गाठ मारली. “माझ्यापास्नं चोरून माझ्याबद्दल काय बी ठरवत असाल तर मी एक मिनिट थांबत न्हाई. आणि पेटीत व्हॉल्व्ह असतोय, छातीत बी व्हॉल्व्ह असतोय, हे मला खरं वाटत न्हाई.”

मी तापट माणूस आहे. मला एवढं कळत होतं की ही आता गाडीत बसली तर परत येणार नाही. दसऱ्यापासून हातापाया पडून, भावोजींच्या फोटोपुढे शपथा घालून मी तिला आणलं होतं. गेली की संपलं.

“चल,” मी ओरडलो. “आत्ता चल माझ्याबरोबर. पेटीतला व्हॉल्व्ह डोळ्यांनी बघ. खोटा निघाला तर मी स्वतः स्वारगेटला सोडतो.”

“पिशवी घेऊन येणार मी.”

“घे की. दोन घे.”

रिक्षात ती पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि सगळा रस्ता बाहेर बघत राहिली. शर्मिलाचे दोन फोन आले, ते मी उचलले नाहीत.

बोधनकरांचं दुकान पहिल्या मजल्यावर. जिना लाकडी आणि उभा. मी ते साफ विसरलो होतो. आक्का तिसऱ्याच पायरीवर बसली. पदरानं घाम पुसला आणि तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागली. मानेतली शीर थडथडत होती. मी तिच्या हातातली पिशवी घेतली, तेव्हा तिनं ती सोडली, यावरूनच तिची अवस्था कळावी.

मी वर जाऊन बोधनकरांना थोडक्यात सगळं सांगितलं. बोधनकर पन्नाशीचे, सडपातळ, सदानकदा गिऱ्हाइकांना वैतागलेले. मला वाटलं, आता आपल्याला बोलणार. पण ते म्हणाले, “अहो, मग त्यांना कशाला चढवता? मी खाली आणतो.” खरंच त्यांनी लांबलचक वायर खाली सोडली, दोन्ही पेट्या आणल्या, आणि जिन्याखालच्या बोळकांडीत एका स्टुलावर मांडल्या. आक्काला प्लास्टिकची खुर्ची दिली. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मान बाहेर काढून बघितलं आणि परत आत घेतली.

“हा बघा व्हॉल्व्ह,” बोधनकर म्हणाले.

दोन छोट्या बाटल्यांसारखे व्हॉल्व्ह होते. पेटी चालू केल्यावर काही वेळानं त्यांच्या पोटात तांबूस उजेड आला. आक्का वाकून बघत राहिली. तिचा श्वास आता जाग्यावर येत होता.

“ह्याला व्हॉल्व्ह म्हणत्यात?”

“हो. हाच यांना हवाय का नको ते सहा महिने ठरत नाहीये.”

“आणि जुनं खोड?”

“यांचा हेडफोन. मीच म्हणतो त्याला.”

आक्का माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता हसेल. हसली नाही, पण तोंडावरचा ताण थोडा गेला. “मग नीट सांगायचं न्हाई व्हय? हसत बसलायस घोड्यावाणी.”

बोधनकरांनी तिला हेडफोन दिला. पदरावरूनच तिनं तो कानांवर बसवला. त्यांनी एका बाईचं संथ गाणं लावलं, मागे नुसता तंबोरा. आक्कानं डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. मग बोधनकरांनी तार काढून दुसऱ्या पेटीला लावली आणि तेच गाणं परत सुरू केलं.

“कसं वाटतंय?” मी विचारलं.

तिनं हातानं मला गप्प केलं. थोड्या वेळानं, कानांवर हेडफोन असल्यानं, मोठ्यानं म्हणाली, “पहिलं गोड हुतं. ह्यात ती बाई दम घेतीया त्ये बी ऐकाया येतंय. हितं घेतला बघ. आता लई वेळ घ्यायची न्हाई.” आणि ती खरंच त्या गाणारणीचा पुढचा श्वास येईपर्यंत स्वतःचा श्वास धरून बसली. तो तिला पुरला नाही. मधेच तोंड उघडून तिनं हवा ओढली आणि हेडफोन गळ्यात उतरवला.

“बाई दमदार हाय,” ती म्हणाली. मग काचेकडे बोट दाखवून बोधनकरांना विचारलं, “हे किती टिकतंय?”

“रोज तासभर ऐकलं तर दहाएक वर्षं.”

“मग?”

“मग नवा घालायचा. हा असा उपसून निघतो.” त्यांनी पेटी बंद केली, थोडं थांबले, आणि फडक्यात धरून एक व्हॉल्व्ह अलगद उपसला. आक्कानं तो हातात घेतला, उजेडात धरला.

“कशाचा हाय?”

“काच. आत तारा आणि धातूचे पत्रे. आतली हवा काढून घेतलेली असते.”

“कुठल्या जीवाचं काय न्हाई न्हवं?”

“छे! जीवाचं कशाला असेल?”

आक्कानं मान हलवली, व्हॉल्व्ह परत दिला, पदर सारखा केला. मग मला विचारलं, “आणि माझा कशाचा हाय?”

प्रश्न अगदी साधा, भाजी कशाची आहे असं विचारावं तसा. ‘धातूचा’ एवढा एक शब्द मी बोललो असतो तर तिनं मानला असता. घरी आली असती, दुसऱ्या दिवशी सही केली असती. शब्द जिभेवर आलाही होता. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं की मी उत्तर शोधतोय. मला तिच्याशी खोटं बोलायला कधी जमलेलं नाही. मी भेदरलो होतो, हे स्पष्टच सांगतो. खरं सांगितलं तर ती जीव गमावेल, असंच मला वाटत होतं.

“गाईचा,” मी म्हणालो.

“कसला गाईचा?”

“गाईच्या काळजाभोवती एक आवरण असतं. त्याच्यापासनं करतात. डॉक्टरांचं म्हणणं, तुला तोच बरा.”

बोधनकरांनी हातातला व्हॉल्व्ह काळजीपूर्वक पेटीत बसवला आणि वर निघून गेले.

“मेलेल्या गाईचा, का मारलेल्या?”

“मारलेल्या.”

बाहेरून एक हातगाडी गेली. झेरॉक्सचं मशीन चालू झालं आणि बंद पडलं.

“हेच सांगायचं न्हवतं मला?”

“व्हय.”

“बसवल्यावर सांगणार हुता?”

“न्हाई.”

“मग काय मेल्यावर?” ती म्हणाली. “दुसरा कसला असतोय?”

मी सगळं सांगितलं. धातूचा, जन्मभराचा. रोजची गोळी, कधीही न चुकवता. रक्ताची तपासणी. पालेभाजी खायची तर ठरावीक मापात. जरा खरचटलं तरी रक्त लवकर थांबणार नाही. आणि उपास नाही. एकदा करून बघते, एवढा एकच करते, असलं काही चालणार नाही. पोटात अन्न गेलं नाही तर त्या गोळीचं गणित बिघडतं आणि माणूस आतल्या आत रक्त सांडून मरतो, असं डॉक्टर म्हणाले होते, तेही सांगितलं.

“म्हंजे भादव्यातले दहा?”

“गेले.”

“अष्टमी, चतुर्दशी?”

“सगळे गेले, आक्का. म्हणूनच तर डॉक्टर पेशींचा म्हणतात. त्याच्यात काही महिन्यांनी तू परत मोकळी. उपास कर, काय पाहिजे ते कर.”

“गाय मारून उपास करू व्हय मी?”

माझं डोकं तापलं. मी म्हणालो, “ती गाय तुझ्यासाठी कुणी मारत न्हाई. ती कुठं परदेशात कधीच मेली. तू नको म्हणालीस तर ती उठून चरायला लागणार आहे काय? आणि ऑपरेशनमध्ये तुला जी औषधं देणार, त्यांच्यात कशाकशाचं काय असतंय, तुला काय माहीत? मलाही माहीत न्हाई. कशा-कशाला नको म्हणणार?”

“जे मला ठाऊक न्हाई त्येला मी काय करू?” ती शांतपणे म्हणाली. “हे मला ठाऊक झालंय. आता ठाऊक न्हाई असं कसं करू?”

“पण उपास म्हणजे तुझा जीव की प्राण! चाळीस-पंचेचाळीस वर्षं केलेस तू. गाव ओळखतंय तुला त्याच्यावरनं.”

“व्हय की,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. “लई अवघड हाय.” तिनं नाक शिंकरलं, पदरानं तोंड पुसलं. “पण उपास माझा हाय, श्रेणिक. माझा हाय म्हणून मला सोडता येतोय. गाय कुठं माझी हाय?”

मी तिची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“धातूचा बसवा म्हणावं उद्या,” ती म्हणाली. “आणि भारीतला बसव. मधल्या किमतीतला नको.”

मग तिनं हेडफोन पुन्हा कानांवर चढवला. “लाव बघू त्या बाईला परत.”

“कुठल्या पेटीवर?”

“कुठल्या बी.”

मी लावलं. ती ऐकत बसली. गाणं संपल्यावर मी विचारलं, “मी कुठला घेऊ, सांग की.”

“मला विचारू नको. कान तुझे हैत.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खूश नव्हते. त्यांनी या वेळी मला बाजूला बसवलं आणि थेट आक्काशी बोलले. धोके एकेक करून सांगितले, तेच परत दुसऱ्या शब्दांत सांगितले. तिनं प्रत्येक वेळी “व्हय, कळलं” म्हटलं आणि सही केली. शर्मिला माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मग एकदम रडली. “उद्या त्या गोळीनं काही झालं, तर तुम्ही काय सांगणार लोकांना? त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं?” मी म्हणालो, हो, तेच सांगेन. तिला ते पटलं नाही. माझीही रात्रीची झोप उडालेली होती, ऑपरेशन होईपर्यंत.

ऑपरेशन चांगलं झालं. खोलीत शांतता असली की आक्काच्या छातीतून बारीक टिकटिक ऐकू यायची. “घड्याळ गिळलंय मी,” ती येईल त्याला सांगायची आणि जवळ बोलावून ऐकवायची. अँप्लिफायर मी शेवटी व्हॉल्व्हचाच घेतला. बोधनकर म्हणाले, “सहा महिने हो-नाही करत होतात!” मी म्हणालो, गप बांधा.

त्या वर्षी भाद्रपदात मी हुपरीला गेलो. शर्मिला रोज सकाळी आक्काला फोन करून ‘खाल्लंत का’ विचारायची. पण पर्वाच्या दिवसांत कुणीतरी जवळ असावं असं दोघांनाही वाटलं. न जाणो, भरात येऊन दोन दिवस पाण्यावर काढले तर? तसं काही झालं नाही. दहाही दिवस ती सकाळी स्वतः पोहे किंवा उप्पीट करायची, खायची, गोळी घ्यायची आणि मग बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, पूजेला जायची. खाताना मात्र बोलायची नाही.

दहा उपास पूर्ण करणाऱ्यांची आमच्याकडे मिरवणूक निघते. बँड असतो, उपास केलेल्या बाया सजवलेल्या गाडीत बसतात, घराघरांतून ओवाळायला पुढे येतात. इतकी वर्षं त्या गाडीत आक्का पुढे बसायची. त्या दिवशी बँडचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा आक्का सोप्यात, रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत, बसली होती, पुढ्यात पोह्यांचं ताट, दार सताड उघडं.

“आत बसून खा की,” मी म्हणालो.

“का? चोरी केलीया व्हय मी?”

गाडी दारापुढे आली. पुढच्या बाकावर शेजारची चौगुल्यांची सून बसली होती, पहिल्यांदाच दहा केलेली, चेहरा सुकून एवढासा झालेला. कुणीतरी गर्दीतून ओरडलं, “आक्का, यंदा सोडलासा काय?” आवाजात टोमणा नव्हता, नुसतं नवल होतं. त्यामुळेच बहुतेक सगळ्यांनी वळून ताटाकडे बघितलं.

“व्हय, सोडलं,” आक्का बँडच्या वर आवाज काढून म्हणाली. मग उठली, हात धुतला, दारात जाऊन चौगुल्यांच्या सुनेला ओवाळलं, तिच्या गालावरून हात फिरवला, आणि परत येऊन ताटावर बसली.

मिरवणूक पुढच्या वळणावर गेली. बँड ऐकू येईनासा झाला तशी ती मला म्हणाली, “दार लाव.”

मी दार लावलं. ती रडली. मोठ्यानं, लहान पोरीसारखी, दोन्ही हात मांडीवर सोडून. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. मला काय करावं सुचेना, म्हणून पाठीवर हात ठेवला.

मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि ताट पुढे ओढलं. “गोळी रिकाम्या पोटी चालत न्हाई,” ती म्हणाली, आणि थंड झालेले सगळे पोहे तिनं संपवले.